पंच्याण्णव लिटर

बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या आणि मान हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवायच्या. एका जागी मान थबकायची. मग म्हणायच्या, "हं. आता दोन्ही कानांत सारखा आहे."

म्हणजे वारा. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा आला की नाकासमोरून वारा येतोय असं समजायचं, हे त्यांचं शास्त्र. शाळेच्या प्रार्थनेला, बँकेच्या रांगेत, एकदा तर एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी त्यांना हे करताना पाहिलं आहे. हातातल्या अक्षता हातातच राहिल्या होत्या. शेजारच्या बाईंना वाटलं, यांची मान लचकली.

त्या जळगावच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या, शेतकऱ्याघरच्या. शाळेत सगळे त्यांना मॅडम म्हणत, शाळेबाहेर सगळे अक्का. मी तेव्हा ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत नोकरीला होतो आणि शाळेच्या मैदानावर पाण्याचे फवारे बसवायला गेलो होतो. मी नकाशा पसरून जागा ठरवत होतो. अक्का शिट्टी गळ्यात अडकवून मागे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, ते शेवटच्या फवाऱ्याचं तोंड तिथे नका बसवू. दुपारी वारा फिरतो. पाणी हेडसरांच्या खिडकीत जाईल."

मी म्हटलं, "मॅडम, आम्ही दाब मोजून बसवतो."

"बसवा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडसरांच्या टेबलावरचं हजेरीपुस्तक भिजलं. मी तोंड काढून दुसरीकडे लावत असताना अक्का पुन्हा आल्या. हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला दाब कळतो, वारा नाही कळत. रविवारी धरणावर या."

एरंडोलच्या रस्त्याने गेलं की आत एक धरण लागतं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण आजही माझे रविवार तिथेच जातात आणि तिथे गर्दी झालेली मला चालणार नाही. काठावर पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात चार बोर्ड, आठ-दहा शिडं आणि प्राणरक्षक जाकिटांचा ढीग असे. समुद्रकिनाऱ्यावरचा कुठलासा क्लब बंद पडत होता, त्यांचे जुने बोर्ड अक्कांनी मागून घेतले होते. आणायचे कसे हा प्रश्न होता. मग मुंबईला केळी उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक त्यांनी गाठला. बोर्ड केळीच्या पाल्यात गुंडाळून आले. शाळेतल्या मुलींना शिकवायचं म्हणून हा सगळा खटाटोप.

विंडसर्फिंग म्हणजे काय हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. एक लांबट फळी, तिच्यावर एक काठी, काठीला शीड. माणूस फळीवर उभा राहतो, शीड हातात धरतो आणि वारा त्याला नेतो. बघायला सोपं आहे. पहिल्या रविवारी मी एकोणतीस वेळा पाण्यात पडलो. हा आकडा माझा नाही, काठावर बसलेल्या आठवीतल्या मुलींनी मोजलेला.

बोर्डाचं माप लिटरमध्ये असतं. जळगावात टाक्या, पाइप, ड्रम यांच्यात वाढलेल्या माणसाला लिटर समजावून सांगावं लागत नाही, पण अक्कांची पद्धत वेगळी होती. त्या हातातली काडी घेऊन वाळूत लिहायच्या. "एक लिटर बोर्ड एक किलो उचलतो. तुमचं वजन?"

"चौऱ्याऐंशी."

"शीड आणि काठी नऊ धरा. बोर्डाचं स्वतःचं वजन वेगळं. या सगळ्यांच्या वर जेवढे लिटर शिल्लक राहतील, तेवढी तुम्हाला चुकायची मुभा. ही म्हैस दोनशे दहाची. हिच्यावर तुम्ही कितीही चुका."

सगळ्यांत मोठ्या दोन बोर्डांना त्या म्हैस म्हणायच्या. रुंद, जड, पाण्यात निवांत बसणाऱ्या. त्याहून लहान, एकशेचाळीस लिटरचा बोर्ड होता त्याचं नाव गोऱ्हा. चौथा लहान मुलांसाठीचा, त्याला नाव नव्हतं. म्हशीवर कुणीही उभं राहावं. गोऱ्ह्यावर मात्र अक्कांच्या परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, असा नियम होता.

परवानगीसाठी परीक्षा असे. धरणात बुडालेल्या एका बाभळीचं खोड पाण्याबाहेर दिसायचं. काठावरून निघायचं, खोडाला वळसा घालायचा, परत यायचं, असं दहा वेळा. दहाव्या फेरीनंतर अक्का जवळ यायच्या आणि सदऱ्याला हात लावून बघायच्या. सदरा कंबरेच्या वर कोरडा असला की पास. लोक शिकून पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत जायचे आणि मग अभिमानाच्या भरात पडायचे. अक्कांचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं, "आधी उभं राहा. मग बघू."

स्वतः त्या शाळेचा जुना ट्रॅकसूट, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला रुमाल बांधून पाण्यात उतरत. नेहमी म्हशीवर. कुणी दमलं, कुणाचं शीड उलटलं की त्या म्हैस घेऊन तिथे पोचत आणि त्या मुलीला पुढे बसवून परत आणत. दुपारी शेडमध्ये डबा उघडायचा. कळण्याची भाकरी, भरीत आणि मिरचीचा ठेचा. ठेचा खाऊन मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं की त्या म्हणायच्या, "पोटात गेलेल्या धरणाच्या पाण्याला हेच औषध."

पहिल्या वर्षाच्या शेवटी मी म्हशीवर बरा झालो होतो. बरा म्हणजे, मला तसं वाटत होतं. माणूस थोडा शिकला की त्याला सामान बदलावंसं वाटतं. रात्रंदिवस मी मोबाइलवर लहान बोर्डांचे व्हिडिओ बघू लागलो. लहान बोर्ड पाण्यात रुतत नाही, वेग आला की पाण्यातून वर येतो आणि पाण्याच्या पाठीवरून सुसाट सुटतो. अक्का त्याला 'बोर्ड उठला' म्हणत. माझी म्हैस कधी उठत नव्हती. मग दोष म्हशीचाच असणार. एका रविवारी मी गोव्याहून मागवलेला पंच्याण्णव लिटरचा, जवळजवळ नवाकोरा, पांढरा-निळा बोर्ड गाडीच्या टपावर बांधून धरणावर घेऊन आलो.

अक्कांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. वाकून खालचा, माशाच्या परासारखा पर बघितला, कडेवरून बोट फिरवलं, एका हाताने उचलून वजन पाहिलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या.

"मग आज उतरवू?"

त्यांनी काडी उचलली आणि वाळूत लिहिलं. पंच्याण्णव. खाली बोर्डाचं वजन सात, माझं चौऱ्याऐंशी, शिडाचं नऊ. बेरीज शंभर.

"वारा असेल तोवर हा तुम्हाला धरेल, कारण तेव्हा तुमचा अर्धा भार शिडावर असतो. वारा पडला की तुमच्यासकट खाली. तेव्हा पाण्यातूनच शिडाला वारा दाखवून उठता आलं पाहिजे. ते तुम्हाला अजून येत नाही."

"येईल की. पडत पडतच शिकतो ना माणूस?"

"पडायला हरकत नाही भाऊ. पडल्यावर काय करायचं ते आधी शिका." त्यांनी काडी टाकली. "बोर्ड चांगला आहे. तुम्ही अजून नाही झालात."

मला ते लागलं. तेहतीस वर्षांचा इंजिनिअर, चार माणसं हाताखाली, आणि आठवीतल्या पोरींसमोर हे ऐकायचं. मी बोर्ड परत टपावर बांधला.

जुलैतल्या एका बुधवारी मी कामावरून लवकर निघालो आणि कुणाला न सांगता धरणावर गेलो. वारा असा होता की उभ्या गाडीचं दार उघडताना हाताला ओढ बसत होती. पहिली दहा-बारा मिनिटं पडण्यात गेली. मग कसंतरी शीड ताठ झालं, पाय जागेवर बसले आणि बोर्ड उठला. ते मी कसं सांगू? पायाखालचा आवाज बदलतो. इतका वेळ पाणी कापल्याचा आवाज येत असतो, तो एकदम थांबतो आणि टणटण टणटण असा कोरडा आवाज सुरू होतो, जणू खडीच्या रस्त्यावरून चाललोय. मी ओरडलो असणार. ऐकायला कुणी नव्हतं.

धरणाच्या मध्यावर गेलो आणि वारा पडला. हळूहळू कमी झाला नाही, पडलाच. बोर्ड खाली बसला, मी त्याच्यावरून सरकून पाण्यात. पुन्हा चढलो तर बोर्ड माझ्यासकट गुडघाभर खाली जाई आणि कलंडे. शीड ओढायला उभं राहावं लागतं आणि उभं राहायला काही शिल्लक नव्हतं. वाळूतली ती बेरीज मला अक्षरशः डोळ्यांसमोर दिसत होती. दोन्ही काठ सारख्याच अंतरावर. जाकीट होतं म्हणून बुडत नव्हतो, पण तासाभराने हातापायांत गोळे यायला लागले आणि मी पहिल्यांदा घाबरलो. बायकोला सांगितलं नव्हतं, ऑफिसात सांगितलं नव्हतं. गाडी काठावर उभी, एवढीच माझी खूण.

ती खूण धरणाच्या चौकीदाराने पाहिली आणि अक्कांना फोन केला. त्या शाळेतून तशाच निघाल्या. मला आधी दिसला तो त्यांचा डोक्याचा रुमाल. म्हशीवर गुडघे टेकून, हातात एक वल्हं घेऊन, डावीकडे दोन, उजवीकडे दोन, अशा न थांबता त्या येत होत्या. अंगावर साडी, पदर कमरेला खोचलेला, वर जाकीट.

मला वाटलं, आता चांगलंच ऐकून घ्यावं लागणार. त्या जवळ आल्या, म्हैस माझ्या बोर्डाला लावली आणि म्हणाल्या, "काठी बोर्डापासून सोडवा. शीड गुंडाळा. खालून वर, चटई गुंडाळतो तसं."

"अक्का, मला वर घ्या आधी. हात चालत नाहीत."

"चालतील. गुंडाळा. मी धरलंय."

मी शीड गुंडाळलं, दोरीने बांधलं. मग गुंडाळी बोर्डावर लांब ठेवून तिच्यावर पालथं पडायचं आणि हातांनी पाणी मारत निघायचं, हे त्यांनी तिथे, धरणाच्या मध्यावर शिकवलं. निम्मं अंतर मला तसं काढायला लावलं. निम्मं झाल्यावर म्हणाल्या, "आता या म्हशीवर. आता तुम्हाला येतं."

काठावर आल्यावर त्यांनी पदर पिळला. "बोर्ड उठला होता का?"

"उठला होता."

"कसा वाटला आवाज?"

मी सांगितलं. त्या खाली बघून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "शेडमध्ये ठेवा तो. घरी नेऊ नका. घरी नेलात तर परत यायचे नाहीत."

त्यांचं बरोबर होतं. मी जवळजवळ आलोच नसतो. आलो, पण म्हशीला चिकटून बसलो. पूर्वी मला लहान बोर्डाची घाई होती, आता मला दोनशे दहा लिटरही कमी वाटत होते. दहा फेऱ्या कोरड्या सदऱ्याने केल्या, अक्कांनी सदऱ्याला हात लावला, पास म्हणाल्या. मी म्हटलं, "थोडे दिवस म्हशीवरच राहतो. इथे बरं आहे."

त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी मी पोचलो तर दोन्ही म्हशी पाण्यात गेलेल्या, नव्या मुली त्यांच्यावर पडत-उठत होत्या. शेडसमोर फक्त गोऱ्हा ठेवलेला.

"म्हैस कधी मोकळी होईल?"

"आज नाही. त्यांचा पहिला दिवस आहे." अक्का शिट्टी पुसत होत्या. "गोऱ्हा आहे. नाहीतर डबा राखत बसा."

मी गोऱ्हा घेतला. तीन रविवार मी पडलो, चौथ्या रविवारी गोऱ्हा उठला, आणि त्यानंतर मी म्हशीकडे वळून पाहिलं नाही. मोठा बोर्ड तुमच्या चुका पोटात घालतो, म्हणून त्या तुम्हाला कळत नाहीत. गोऱ्हा लगेच सांगतो, टाच जड पडली, मान खाली गेली. दुसऱ्या वर्षी पाण्यातून उठायलाही आलं. शीड वाऱ्याला दाखवायचं, आणि तेच तुम्हाला उचलून बोर्डावर ठेवतं. बळ लागत नाही, वाट बघावी लागते. मला ते यायला आठ महिने लागले आणि अक्कांनी आठ महिन्यांत एकदाही 'किती वेळ' असं विचारलं नाही.

त्या काळात माझा पंच्याण्णवचा बोर्ड शेडमध्ये होता. तिसऱ्या वर्षी, एका सणसणीत वाऱ्याच्या रविवारी अक्का म्हणाल्या, "काढा आज." मी आत गेलो. बोर्ड फळीवर ठेवलेला, त्याच्यावर जुनी धुतलेली चादर. चादर काढली तर बोर्डावर धुळीचा कण नव्हता. पराचे स्क्रू गंजू नयेत म्हणून त्यांना तेलाचं बोट लावलेलं. दोन वर्षं कुणीतरी त्याची निगा राखली होती, आणि शेडची किल्ली एकाच माणसाकडे होती.

त्या दिवशी मी त्या बोर्डावर दोन तास होतो. वारा मध्ये मध्ये पडला, मी बुडालो, उठलो, पुन्हा निघालो. परत आलो तेव्हा अक्का म्हणाल्या, "झालात." मला वाटतं आयुष्यात कुठल्याही प्रमाणपत्राने मला एवढा आनंद दिला नसेल.

पण मी चादरीचाच विचार करत होतो. काठावर बसून बघत होतो. अक्का म्हशीवर एका दमलेल्या मुलीला पुढे बसवून येत होत्या. वारा भरपूर होता आणि म्हैस नेहमीसारखी आपल्या चालीने चालली होती. या बाईंना मी तीन वर्षांत म्हशीशिवाय कशावरही पाहिलं नव्हतं. गोऱ्हा मोकळा असला तरी त्या म्हणायच्या, तो तयार झालेल्या मुलीसाठी. पगारातून काही आलं की शीड यायचं, जाकिटं यायची, तीही मुलींच्या मापाची.

त्या जवळ आल्या तेव्हा मी विचारलं, "अक्का, तुमचं वजन किती?"

"बाईमाणसाला वजन विचारता?"

"सांगा तरी."

"छप्पन्न."

मी वाळूत लिहिलं. सात, छप्पन्न, लहान शिडाचे आठ. एकाहत्तर. वर चोवीस लिटर शिल्लक.

"हा बोर्ड तुमच्या मापाचा आहे. मी आणला त्या दिवसापासून."

"हो," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"बोट फिरवलं तेव्हाच."

"मग दोन वर्षांत एकदाही नाही घेतलात? मी काय नाही म्हटलं असतं?"

त्या माझ्या शेजारी बसल्या. बुटांतलं पाणी ओतलं, मग दुसऱ्या बुटातलं. आणि मग सांगितलं. चोविसाव्या वर्षी त्या समुद्रावरच्या एका शिबिराला गेल्या होत्या. खानदेशातून गेलेल्या त्या एकट्या. चौथ्या दिवशी शिक्षकांनी लहान बोर्ड पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, मला मोठाच बरा आहे. सहाव्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटच्या दिवशी शर्यत झाली.

"सगळ्यांत कमी वेळा मी पडले," अक्का म्हणाल्या. "आणि सगळ्यांत शेवटी मी आले. बक्षीस देताना त्या सरांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. त्यांना वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी कुणाला मोठ्या बोर्डावर राहू देत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी शिकवते ना. शिकवणारीला म्हैस लागतेच, माणसं आणायला." त्यांनी रिकामा बूट वाळूवर आपटला. "हे अर्धं खरं आहे. अर्धं असं की, आता पडले तर मुली बघतील. सत्तावन्न सुरू आहे मला. पुढच्या मे महिन्यात निवृत्ती. मॅडमला येत नाही, हे बघून त्यांना काय वाटेल?"

पुढच्या रविवारी मी सकाळीच पोचलो. एक म्हैस नव्या मुलींना दिली. गोऱ्ह्यावर नववीतली एक पोरगी चढवली. दुसरी म्हैस आणि वल्हं घेऊन मी स्वतः पाण्यात गेलो. शेडसमोर पंच्याण्णवचा बोर्ड ठेवला, त्याला लहान शीड लावून. अक्का रिक्षातून उतरल्या, शेडकडे चालत आल्या आणि उभ्या राहिल्या. कमरेवर हात.

मी पाण्यातून म्हटलं, "वाचवायला मी आहे. नाहीतर डबा राखत बसा."

मला वाटलं, रागावल्या. मग त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि घट्ट बांधली.

अक्का पडल्या. पहिल्यांदा पडल्या तेव्हा काठावरच्या मुली उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मॅडमना पडताना कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. म्हशीवरच्या सवयीने त्या फार मागे भार देत होत्या आणि लहान बोर्ड शेपटीवर बसून कलंडत होता. चौथ्यांदा पडल्यावर नववीतली ती पोरगी गोऱ्ह्यावरून ओरडली, "मॅडम, आधी उभ्या राहा, मग बघू." सगळ्या हसल्या. अक्काही पाण्यात हसल्या, तोंडात पाणी गेलं, ठसका लागला. मी वल्हं मारायला लागलो तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं.

अकराव्यांदा त्या उठल्या. पाण्यातून शीड वर आलं, त्याच्याबरोबर त्या वर आल्या, पाय बोर्डावर बसले, अंग मागे झुकलं. थोडं अंतर बोर्ड पाणी कापत गेला. मग तो वर आला. काठावरूनही दिसलं. मागे पांढरी रेघ उठली आणि छप्पन्न किलोची ती बाई धरण ओलांडून निघाली. मी त्या बोर्डावर कधी तसा गेलो नव्हतो, तो माझ्याखाली नेहमी थोडा ओझ्याने चालायचा. पलीकडच्या काठाजवळ जाऊन त्या वळतील, म्हणजे थांबतील, उतरतील, बोर्ड फिरवतील असं मला वाटलं. त्या थांबल्याच नाहीत. वेगातच आतल्या बाजूला झुकल्या, शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं आणि त्या परत यायला लागल्या. हे वळण त्या आम्हाला वाळूवर उभ्या राहून, हातवारे करून शिकवायच्या. पाण्यावर त्यांनी ते कधी केलेलं नव्हतं.

त्या काठाला आल्या. मुलींनी त्यांना घेरलं. एकीने विचारलं, "मॅडम, कसं वाटलं?"

अक्का शाळेत नेहमी पुस्तकी मराठी बोलायच्या. त्या दिवशी घरची भाषा आली. "पोरीस्वन, आते हाई बठ्ठं पानी मनंच शे."

आता हे सगळं पाणी माझंच आहे. मुलींना ते समजावून सांगावं लागलं नाही.

बोर्ड मी त्यांना दिला. त्यांनी घेतला, आणि कसलेही आढेवेढे न घेता घेतला, याचं मला फार बरं वाटलं. मी स्वतःसाठी एकशे पंधराचा आणला, माझ्या वजनाला तोच योग्य आहे. मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. शेडची किल्ली त्यांनी नववीतल्या त्या पोरीच्या आईकडे दिली, कारण त्या रोज धरणाच्या रस्त्यानेच शेतावर जातात. मग आपला संसार आणि बोर्ड टेम्पोत टाकून अक्का धुळ्याकडे, आपल्या गावी गेल्या. साक्रीच्या बाजूला. तिकडच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. कंपन्यांनी वर्षानुवर्षं वारा मोजून जागा निवडली, असं म्हणतात. अक्कांनी तेवढा वेळ घेतला नसावा. गावाजवळ एक तलाव आहे एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं.

त्या फोन फारसा उचलत नाहीत. आता धरणावर नव्या मुलींना मी शिकवतो. वाळूत बेरीज मांडतो, सदऱ्याला हात लावून बघतो. एखादी मुलगी गोऱ्ह्याकडे बघत उभी राहते, तेव्हा ती घाईने बघतेय की भीतीने, हे मला ओळखता येत नाही. अक्कांना यायचं. म्हणून मागच्या श्रावणात एका कामासाठी धुळ्याला गेलो तेव्हा गाडी तशीच पुढे काढली. विचारत विचारत गावात पोचलो. घर सापडलं. दाराला बाहेरून कडी. ओट्यावर कॅनव्हासच्या बुटांचा एक जोड वाळत घातलेला, म्हणजे दुसरा जोड पायात असणार.

शेजारच्या घरातून एक आजी डोकावल्या.

"अक्का घरमा नही शे," त्या म्हणाल्या. "सकायपासून वारा सुटेल शे ना."

"कधी येतील?"

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही कळत नाही का.

"वारा पडना का येतीन."

मी ओट्यावर बसलो. समोरच्या टेकडीवरच्या साऱ्या पवनचक्क्या जोरात फिरत होत्या आणि वारा पडायचं काही लक्षण दिसत नव्हतं.